हजेरीपट आणि धावफलक

उपसंपादक : शाळेत शिकवायचं आणि खेळावर लिहायचं, दोन्ही मनापासून करायचं, असं तू म्हणतेस. दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, हे तुला घरातही कुणी सांगितलं असेलच. मी फक्त हिशेब मांडतो. आता बी.एड.ची दोन वर्षं. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव आणि भरतीची वाट. लागलीस तर तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ मध्ये मानधन वाढलं म्हणून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार तरी मिळतील; त्याआधी ते सहा आणि आठ हजार होतं. विनाअनुदानित शाळेत गेलीस तर एवढंही धरून चालू नकोस. अनुदानासाठी आझाद मैदानावर बसणारे शिक्षक तुला माहीत आहेतच. आता दुसरी बाजू बघ. क्रीडा विभागात नव्या माणसाच्या वाट्याला काय येतं? एजन्सीची इंग्रजी बातमी मराठीत करायची, आयपीएल चालू असली की मध्यरात्रीपर्यंत थांबायचं, आणि जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेची बातमी जागा उरली तर चार ओळींत बसवायची. बाहेरून लिहिणाऱ्याला मिळतं ते जेमतेम चहापाण्याचं. सकाळी सातला प्रार्थनेला उभं राहायचं आणि रात्री बारापर्यंत सामना बघायचा, हे पोरवयात चार महिने जमतं. तू तीस वर्षांच्या गोष्टी करते आहेस.

पदवीधर : हिशेब मीही मांडलाय, काका, आणि तो तुमच्यापेक्षा वाईटच निघाला, कारण त्यात बी.एड.ची फी आणि शहरात राहायचा खर्चही होता. तरी मी हटत नाही. मराठीत खेळावर ज्यांनी लिहिलं त्यांच्यातल्या काहींचं पोट दुसऱ्याच कामावर चालत होतं. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत सिव्हिल इंजिनिअर होते. ती नोकरी सांभाळून त्यांनी क्रिकेटवर किती लिहिलं हे तुम्हाला मी काय सांगायचं! दि. ब. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ मध्ये त्यांनी एमसीसीविरुद्ध १४८ धावा काढल्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावर महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला, आणि पुढे लिहिलंही. वि. वि. करमरकर पूर्णवेळ पत्रकार होते, हे मान्य. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं आणि त्या पानावर कबड्डी-खो-खोलाही बसवलं. पण पान मिळाल्यावर त्यावर लिहायला खेळाच्या आजूबाजूचं आयुष्य माहीत असलेली माणसं लागतात. ते आयुष्य कार्यालयात बसून कळत नाही. शाळेत कळतं, असं मला वाटतं.

उपसंपादक : संझगिरींचं उदाहरण तुझ्या बाजूचं आहे असं तू धरून चाललीस. मला ते उलटं दिसतं. इंजिनिअर दिवसभर ज्या शक्तीनं काम करतो ती वेगळी आणि संध्याकाळी लिहायला लागते ती वेगळी. मास्तरकीत तसं होत नाही. तुझा विषय मराठी. म्हणजे सकाळपासून शब्दच वापरायचे, समजावायचं, पोरांची वाक्यं दुरुस्त करायची, साठ जणांच्या चेहऱ्यांवर लक्ष ठेवायचं. सहा तास घेतल्यावर बोलायची इच्छा उरत नाही, लिहायची कुठून उरणार? वर उत्तरपत्रिका, पाठ टाचण, सरल पोर्टलची माहिती, निवडणुकीचं काम, जनगणना. लिहिण्याची हौस असलेले शिक्षक मी खूप पाहिले. त्यांची हौस मेली नाही. ती स्नेहसंमेलनाच्या अहवालात खर्च झाली. देवधरांचं म्हणशील तर ते महाविद्यालयात शिकवत होते, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यात. आठवी ‘क’चा वर्गशिक्षक वेगळा प्राणी आहे.

पदवीधर : थकवा येणार, हे मी खोडून काढत नाही. पण शिकवण्यानं शब्द झिजतात, हे मला पटत नाही. एकदा मी नववीच्या वर्गाला बातमीलेखन शिकवलं. दहावीच्या मराठीच्या पत्रिकेत उपयोजित लेखनात बातमी असतेच. मुलांनी काय लिहिलं? दिनांक, ठिकाण, ‘आमच्या वार्ताहराकडून’, मग ‘कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला’, ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन’, शेवटी ‘आभारप्रदर्शनाने सांगता झाली’. घडलं काय, ते कुठेच नाही. मी त्यांना मैदानावर नेलं. मुलींचा खो-खोचा सराव चालला होता. म्हटलं, एका पाळीत काय झालं तेवढंच लिहा. आणि अडचण तिथेच सुरू झाली. पळती मुलगी बाद कशी झाली? ‘तिला बाद केलं’ असं एकानं लिहिलं. कुणी केलं? कुठे केलं? तिनं खांबाकडे वळण घेतलं तेव्हा की साखळी पळताना दमली तेव्हा? एका मुलानं लिहिलं की ती बाद व्हायच्या आधीच्या दोन खोंमध्ये पाठलाग करणाऱ्या मुली तिला खांबापासून लांब ढकलत होत्या, म्हणून ती मधोमध सापडली. तो मुलगा एरवी निबंधात काठावर पास होणारा. त्याला कारण दिसलं आणि कारण दिसल्याबरोबर वाक्य आलं. खेळाची बातमी चांगली का होते, हे मला त्या पोरानं दाखवलं. ते पाहून माझ्यातलं लिहिणं कमी झालं की वाढलं?

उपसंपादक : वाढलं असेल. पण तू सांगितलास तो चांगला तास झाला. त्यात लेख कुठे आहे? मी तुझ्या हौसेवर पाणी टाकत नाही; एक जागा शोधतोय. वर्गात शिकवलेली बातमी पोरांच्या कामाची. वाचकांसाठी तू काय लिहिणार आहेस, जे माझ्या विभागातला चांगला बातमीदार लिहू शकत नाही? तो मैदानावर तुझ्याइतकाच हजर असतो. त्याला नियम तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतात, आणि जुने विक्रम तोंडावर असतात. तुझ्याकडे काय आहे?

पदवीधर : हजेरीपट आहे.

उपसंपादक : म्हणजे?

पदवीधर : २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या रात्री मी आनंदानं रडले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत ते होतं, आणि असायलाच हवं होतं. पण माझ्याबरोबर शाळेत खेळलेल्या मुलींचं काय? आमचा संघ जिल्ह्यात चांगला होता. नववीत एक गेली, दहावीनंतर तिघी गेल्या. कुणाला घरून मनाई झाली, कुणाची शाळा बदलली, एकीच्या आईची कामाची वेळ बदलली आणि धाकट्या भावाला सांभाळणं तिच्याकडे आलं. वर्तमानपत्रात आमच्या पुढच्या स्पर्धेची बातमी आली तेव्हा छापलं होतं की संघात नवोदितांना संधी मिळाली. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण चार मुली खेळातून गेल्या ही त्या वर्षांतली आमच्या खेळातली सगळ्यात मोठी घटना होती आणि ती कुठेही नोंदली गेली नाही. धावफलक, गुणतक्ता, निकालपत्र, यांत जे खेळले तेच असतात. जो आला नाही त्याची नोंद फक्त एका ठिकाणी रोज होते, शिक्षकाच्या हजेरीपटात. मला त्या नोंदीपासून खेळावर लिहायचंय.

उपसंपादक : हे तू आधी सांगायला हवं होतंस. मग मी इतका हिशेब मांडत बसलो नसतो. पण आता माझी शंका जास्त गंभीर झाली आहे, कारण आता तुला मैदानावरचं नाही, घरातलं लिहायचंय. तुला २०१६ सालचा कल्याणचा सामना आठवत असेल. भंडारी चषक, आंतरशालेय. एका मुलानं नाबाद १००९ धावा काढल्या. १८९९ मध्ये इंग्लंडच्या शाळेतल्या एका मुलानं केलेल्या नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. संघाची धावसंख्या ३ बाद १४६५. जगभर बातमी गेली. आता तुझ्या डोळ्यांनी तो सामना बघ. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. मोठी मुलं परीक्षेत अडकली म्हणून लहान मुलं उतरवली होती, असं तेव्हा छापूनही आलं होतं. तू असतीस तर कुणाबद्दल लिहिलं असतंस?

पदवीधर : दिवसभर चेंडू आणायला सीमारेषेपलीकडे पळत राहिलेल्या मुलांबद्दल.

उपसंपादक : वाटलंच मला. आणि काय लिहिलं असतंस? की ती रडवेली झाली होती? की दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना बाकीच्यांनी चिडवलं? वाचकाला ते आवडलं असतं. वाचकाला कणव आवडते. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं नाव, शाळा आणि त्याची फजिती तू राज्यभर पोहोचवली असतीस. आम्ही तरी त्यांना दोन आकड्यांत गुंडाळून सोडून दिलं. त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, ही त्यांच्यावर आमची कृपाच झाली. आणि ज्यानं हजार केल्या त्याच्यावर तरी प्रसिद्धीनं काय लादलं? पुढे धावा होईनात, तेव्हा मुंबई क्रिकेट संघटनेनं दिलेली शिष्यवृत्ती बंद करा, असं त्याच्या वडिलांनीच कळवलं. पोरांच्या खेळावर लिहिताना कौतुक जितकं जड होतं तितकीच सहानुभूतीही जड होते. आता मुख्य मुद्दा. बातमीदाराला जे कळतं ते त्यानं विचारून, हिंडून मिळवलेलं असतं. समोरच्याला ठाऊक असतं की हा पेपरवाला आहे, याच्याशी जपून बोलावं. शिक्षकाला जे कळतं ते मुलानं विश्वासानं सांगितलेलं असतं किंवा आई शाळेत येऊन बोलता बोलता बोलून गेलेली असते. तुझ्या त्या मैत्रिणीच्या आईची कामाची वेळ बदलली, हे उद्या शिक्षक म्हणून तुला कळेल. ते लिहायचा अधिकार तुला कुणी दिला? शिक्षकानं जपायचं असतं तेच बातमीदार छापतो. दोन डगरी म्हटलं ते पगाराबद्दल नव्हतं, आत्ता माझ्याही लक्षात येतंय. ते याबद्दल होतं.

पदवीधर : हे मला लागलं. खरंच लागलं. त्या मुलांच्या रडण्याबद्दल मी लिहिणार नाही, हे मी आत्ता मान्य करते. पण म्हणून लिहायला काही उरत नाही, असं नाही. त्या सामन्यात मला दुसरंच विचारावंसं वाटतं. एक बाजू पाचशेवर पोहोचली तेव्हा स्पर्धेच्या नियमात डाव थांबवायची तरतूद का नव्हती? कुस्तीत गुणांचा फरक ठरावीक झाला की लढत तांत्रिक सरसतेवर संपते. शालेय क्रिकेटमध्ये लहान मुलांसाठी तसं काही का नको? आणि परीक्षेच्या दिवसांत स्पर्धा कुणी ठेवली? क्रीडा संघटनेचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक एकमेकांशी बोलत का नाहीत? शारीरिक शिक्षणाचा तास दहावीला गणिताला देऊन टाकतात आणि वर्षाच्या शेवटी क्रीडागुणांसाठी प्रमाणपत्रांची धावपळ होते, ते कसं? हे सगळं मला शाळेत बसून कळेल, आणि त्यात एकाही मुलाचं नाव घ्यावं लागणार नाही. व्यवस्थेवर लिहिता येईल. मुलं सुरक्षित राहतील.

उपसंपादक : व्यवस्थेवर अग्रलेख येतात. ते वाचून नियम क्वचित बदलतात, आणि वाचणारे तर दिवसेंदिवस कमीच होताहेत. तुझ्या आधीच्या बोलण्यात ताकद होती ती ‘चार मुली गेल्या’ यात. ‘मुलींच्या खेळातील गळतीचं प्रमाण’ असं लिहिलंस की संपलं. तू ज्याला सुरक्षित म्हणतेस ते लिखाण वाचकाच्या हातून निसटतं. माणूस काढून टाकला की खेळाचं लिखाण परिपत्रक होतं. म्हणजे तुझ्यापुढे दोनच वाटा उरतात. माणसासकट लिही आणि शिक्षकपणाला बाधा आण, किंवा माणसाशिवाय लिही आणि लेखनाला.

पदवीधर : तिसरी वाट एका माणसानं काढली होती. सी. एल. आर. जेम्स. त्रिनिदादचा. वडील शाळामास्तर. स्वतः क्वीन्स रॉयल कॉलेजमध्ये शिकला आणि तिथेच इंग्रजी-इतिहास शिकवू लागला. पुढे त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स त्याचे विद्यार्थी. १९३२ मध्ये इंग्लंडला गेला, ‘मँचेस्टर गार्डियन’साठी क्रिकेटवर लिहू लागला. वेस्ट इंडिजचं कर्णधारपद फ्रँक वॉरेलला मिळावं म्हणून त्यानं पुढे एका वृत्तपत्राचा संपादक म्हणून मोहीम चालवली. त्याचं ‘बियाँड अ बाउंडरी’ १९६३ मध्ये आलं. क्रिकेटवरच्या त्या एवढ्या मोठ्या पुस्तकाच्या सुरुवातीला कोण भेटतं, तर मॅथ्यू बॉन्डमन नावाचा शेजारी. कामधंदा नाही, गावात नाव वाईट, पण बॅट हातात आली की देखणा खेळणारा. कुठल्याही संघात पुढे आला नाही. धावफलकावर त्याचं नाव शोधून सापडणार नाही. जेम्स त्याला विसरला नाही. मला वाटतं, ज्या घरात मास्तरकी होती त्या घरातल्या मुलालाच असा न आलेला माणूस दिसतो. मास्तरला वाया जाणाऱ्याची चिंता असते.

उपसंपादक : जेम्स मोठा माणूस, त्यात वाद नाही. पण तू सांगितलेल्या गोष्टी त्याच क्रमानं परत बघ. शाळा सोडली, देश सोडला, मग लिहिलं. पुस्तक आलं तेव्हा तो साठी ओलांडलेला. बॉन्डमनला त्यानं खिडकीतून पाहिलं तेव्हा तो लहान मुलगा होता. मधे पन्नास वर्षं गेली. आणि बॉन्डमन शेजारी होता, विद्यार्थी नव्हता. त्याच्याबद्दल जे कळलं ते गावालाच माहीत होतं. जेम्सची वाट घ्यायची असेल तर शिकव, वही ठेव, आणि पन्नास वर्षांनी लिही. मी त्याला आनंदानं हो म्हणेन. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

पदवीधर : आज खेळ सोडणारी मुलगी पन्नास वर्षांनी पासष्टीची असेल. तिला खेळायला मिळालं नाही हे तेव्हा छापून यायचं? जेम्सला बॉन्डमनचं काही वाचवता येण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून त्याला थांबणं परवडलं. आणि वॉरेलच्या बाबतीत तो थांबला का? तिथे त्यानं त्या त्या आठवड्याला लिहिलं, कारण तेव्हाच लिहिण्याचा उपयोग होता. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल कर्णधार म्हणून गेला. उशिरा लिहिण्याची किंमत आपल्याकडे मोजलेली आहे, काका. खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, चव्वेचाळीस वर्षं. गोळेश्वरला त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, आणि देशाच्या लेखी पुढे काय? १९८४ मध्ये ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्या तीस-बत्तीस वर्षांत खाशाबांबद्दल सतत, कारणासकट, हट्टानं लिहिणारे अजून काही लोक असते तर?

उपसंपादक : खाशाबांचं नाव काढलंस, मग पुढचंही सांग. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोण उभं राहिलं? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर. घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ चे सात हजार. त्यांनी लेख लिहिला नाही. लेखानं प्रवासाचं तिकीट निघालं नसतं. शिक्षकानं खेळाडूसाठी काय करायचं, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा दाखला तो आहे, आणि त्यात लेखणी कुठेच नाही. मला भीती वाटते ती अशी की तुझ्या वर्गात अशी मुलगी असेल, तिच्यासाठी घरी जाऊन बापाशी बोलायला हवं असेल, क्रीडा कार्यालयात चार चकरा मारायला हव्या असतील, आणि तू त्या रात्री लेख पूर्ण करत बसशील. लेख चांगला होईल. मुलगी राहून जाईल.

पदवीधर : खर्डेकर सरांनी दिले ते सात हजार एका माणसाच्या कामी आले. एक घर एकदाच गहाण टाकता येतं. मी हे त्यांना कमी लेखून बोलत नाही. तो माणूस मला देवासारखा वाटतो. पण प्रत्येक खाशाबासाठी एक खर्डेकर लागणार असेल तर बाकीचे सगळे पैलवान गावातच राहणार, आणि राहिलेच. आणि आपल्याला दोघांना आज खर्डेकर का माहीत आहेत? कुणीतरी लिहिलं म्हणून. बापाशी बोलायला मी जाईनच. तुम्ही दोन कामं एकमेकांसमोर उभी करताय. माझ्या मनात ती एकामागे एक आहेत. आधी त्या घरी जायचं. जमलं नाही तर, का जमलं नाही ते लिहायचं.

उपसंपादक : ‘का जमलं नाही’ यात त्या बापाचं म्हणणं येणार. त्याचं कर्ज येणार, मोठ्या मुलीच्या वेळी काय झालं ते येणार. पुन्हा तिथेच आलो. शिवाय गाव लहान असतं. नाव बदललंस, शाळेचं नाव गाळलंस, तरी तालुक्यातल्या सगळ्यांना कळणार की ही अमक्याची पोर. शहरातल्या वाचकासाठी ती निनावी, तिच्या गल्लीसाठी नाही. आणि तुझ्या शाळेच्या संस्थेचं काय? स्वतःच्या शाळेवर लिहिलंस तर चांगलं लिहिलं तर जाहिरात, वाईट लिहिलं तर शिस्तभंग. दुसऱ्या शाळेवर लिहिलंस तर हजेरीपट तुझ्याकडे नाही. जी तुझी एकमेव मिळकत आहे म्हणालीस, ती तुझ्याच शाळेपुरती आहे.

पदवीधर : स्वतःच्या शाळेवर लिहायचं नाही, हा नियम मी आधीच करून ठेवलाय. खेळाडूंच्या आया फाइलला लावायला कात्रण मागतात, मुलाला पुढे उपयोग होईल म्हणून. बाईंच्या हातात पेपर आहे असं एकदा पसरलं की कुणाचं नाव आलं आणि कुणाचं राहिलं यावरून वर्गात तट पडतील. ते मला नको. पण हजेरीपट दुसऱ्या शाळेचा नसला तरी काय विचारायचं हे मला माझ्या शाळेत कळलेलं असेल. मी सांगलीच्या एखाद्या स्पर्धेला गेले तर जिंकलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला विचारेन, गेल्या वर्षीच्या बारा मुलींपैकी यंदा किती आहेत? बाकीच्या कुठे आहेत? तुमच्या विभागातून हा प्रश्न किती वेळा विचारला गेला?

उपसंपादक : क्वचित. विचारला तरी उत्तर छापायला जागा नसायची. डाक आवृत्ती संध्याकाळी सोडायची असते, त्यात निकाल बसवणं हीच कसरत. हा प्रश्न चांगला आहे, आणि तो मी माझ्या पोरांना विचारायला शिकवायला हवा होता असं वाटण्याइतका चांगला आहे. पण हा प्रश्न घेऊन जाणारा पूर्णवेळ बातमीदार का नको? तो प्रश्न त्याला मी एका ओळीत सांगू शकतो. त्यासाठी तू तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहायची गरज काय?

पदवीधर : कारण उत्तर ऐकता यावं लागतं. प्रशिक्षक म्हणेल, ‘अभ्यासामुळे सोडला.’ बातमीदार ते लिहून घेईल. मला ठाऊक असेल की ‘अभ्यासामुळे’ म्हणजे शंभरातून नव्याण्णव वेळा अभ्यास नसतो. ती मुलगी दुपारच्या सुट्टीत डबा खात नव्हती, गृहपाठ शाळेतच करून घरी जात होती, पालकसभेला तिच्या घरून कुणी आलं नव्हतं, असलं काहीतरी असतं. हे तुम्ही मला एका ओळीत सांगू शकत नाही, मीही कुणाला सांगू शकणार नाही. रोज त्याच मुलांसमोर वर्षभर राहिल्यावर ते दिसायला लागतं. म्हणून मला शाळा हवी. आणि फक्त शाळा का पुरत नाही, तर दिसलेलं सगळं शिक्षकखोलीत चहाबरोबर बोलून संपतं म्हणून.

उपसंपादक : बरं. मी आता तुला थकव्याबद्दल आणि पगाराबद्दल काही म्हणत नाही. ते तुझं तू बघशील. एकच विचारतो. एखादी मुलगी स्वतःच तुझ्याकडे आली. पंधरा वर्षांची. म्हणाली, ‘बाई, माझं नाव घालून लिहा. मला खेळायचं होतं आणि घरच्यांनी सोडवलं, हे सगळ्यांना कळू द्या.’ आता विश्वासघात नाही, तिचीच इच्छा आहे. छापशील?

पदवीधर : शिक्षक म्हणून मला आधी हे दिसेल की तो पेपर ज्या दिवशी येईल त्या संध्याकाळी तिला त्याच घरी जायचंय. दोन-तीन वर्षांनी लग्न ठरताना कुणीतरी ते कात्रण काढेल. आणि लिहिणारी म्हणून मला दिसेल की तिच्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आजवर दुसऱ्यानंच दिलंय, आणि ती पहिल्यांदा स्वतः बोलते आहे. मी तिला थोपवलं तर मीही त्या दुसऱ्यांतलीच. बहुतेक मी तिला म्हणेन, तू लिही, वहीत लिही, मी वाचते, आणि आपण थांबू.

उपसंपादक : मग घरच्यांच्या ‘नको’त आणि तुझ्या ‘थांबू’त फरक कोणता?

पदवीधर : घरचे तिला पुन्हा विचारणार नाहीत. मी विचारेन. अठरा पूर्ण झाली की तिची वही घेऊन जाईन आणि विचारेन, आता छापू का?

उपसंपादक : अठराव्या वर्षी ती कुठे असेल, हे तुला कुठून कळणार? तुझ्या वर्गात तोवर तीन नव्या तुकड्या येऊन गेलेल्या असतील.

पदवीधर : शोधावं लागेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाण्याचं कारण असतं, ती पुढे कुठे राहील ते नसतं. मैत्रिणींना विचारावं लागेल, एखाद्या रविवारी गावी जावं लागेल. शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी तास नाही आणि वर्तमानपत्रात त्या प्रवासाचे पैसे मिळत नाहीत, एवढं मला आज माहीत आहे.